घार, शिक्रा आणि घुबडापासून परसातल्या कोंबड्या कशा राखाव्यात

परसात दहा-पंधरा गावठी कोंबड्या असलेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते: रवणावरून (अंडी उबवायला बसवलेल्या कोंबडीखालून) पिल्लं निघाली बारा आणि तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या) झाल्या तीन. बाकीची कुठे गेली असं विचारलं की उत्तर तयार असतं, "घारीनं नेली", नाहीतर "घुबड लागलंय". कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा नसतं. मग वरून जाळी टाकली जाते आणि मुंगूस खालून येत राहतं.

शिकारी पक्ष्यांपासून कोंबड्या राखणं हे मुंगसापासून राखण्यापेक्षा सोपं आहे. पक्षी माती उकरत नाही, कडी सरकवत नाही, फटीतून अंग चोरून आत शिरत नाही. त्याला वरून मोकळी वाट हवी असते आणि उघड्यावर बेसावध कोंबडी हवी असते. यातली कुठलीही एक गोष्ट काढून घेतली की त्याचं काम अडतं. नुकसान होतं ते मुख्यतः दोन वेळी: पिल्लांचा पहिला दीड महिना, आणि दिवेलागणीनंतर खुराड्याचं दार उघडं राहतं तेव्हा. मेहनत आणि पैसा आधी या दोन ठिकाणी लावा.

आधी चोर कोण ते नक्की करा

मेलेली कोंबडी सापडली की ती लगेच उचलून फेकू नका. थोडं थांबून नीट बघा. पिसं कशी पडली आहेत, हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. शिकारी पक्षी चोचीनं पिसं उपटतो, त्यामुळे पिसाची दांडी मुळापासून सबंध निघालेली असते आणि पिसं एकाच जागी गोलाकार विखुरलेली दिसतात. मांजर, कुत्रा, मुंगूस दातांनी तोडतात. त्यांनी तोडलेल्या पिसाची दांडी चावून तुटलेली, टोकाला चेंगरलेली असते.

बाकीच्या खुणा अशा:

– भर दिवसा पिल्लू गायब, एकही पीस नाही, पण त्याआधी कोंबडी मोठ्यानं ओरडली आणि कावळ्यांनी कालवा केला: घार, शिक्रा किंवा खुद्द कावळाच.
– रात्री झाडावर किंवा भिंतीवर बसलेली कोंबडी सकाळी खाली, डोकं-मान खाल्लेली, बाकी अंग तसंच: मोठ्या घुबडाची शक्यता.
– चार-पाच कोंबड्या मेलेल्या, मानेला चावे, मांस फारसं खाल्लेलं नाही: मुंगूस, उदमांजर किंवा भटकं कुत्रं. पक्षी एका वेळी एकच शिकार करतो.
– पिल्लू मेलेलं, अंग चिकट ओलं, डोक्याकडची पिसं चप्प बसलेली: सापानं गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलेलं.
– अंडी सालासकट नाहीशी: साप किंवा घोरपड.
– रात्रीतून पिल्लं कमी होतात आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसते: घूस.

तरीही उलगडा झाला नाही तर संध्याकाळी खुराड्याभोवती चाळलेली राख पसरा. सकाळी पावलं दिसतील. राखेवर काहीच नसेल आणि तरी कोंबडी गेली असेल, तर वरून कोणी आलं असं धरून चाला.

कोणापासून किती भीती

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती साधी घार. दुभंगलेली शेपटी, आकाशात सावकाश गोल गोल फिरणं, मग एकदम सूर. घारीचं वजन साधारण पाऊण किलोच्या आसपास असतं, त्यामुळे दीड-दोन किलोची वाढलेली कोंबडी तिला उचलता येत नाही. पिल्लं मात्र ती सहज नेते, कारण ती खाली बसतही नाही. झेप घेता घेताच पंजात पिल्लू धरून वर जाते. कोकणात आणि गोव्यात हेच काम तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घारही करते.

शिक्रा जेमतेम पारव्याएवढा, पण पिल्लांच्या बाबतीत माझ्या मते तो घारीपेक्षा जास्त त्रासदायक. घार वरून येते, ती कोंबडीला दिसते. शिक्रा कुंपणाच्या आडून, जमिनीलगत वेगात येतो आणि कोंबडीनं मान वर करायच्या आत आठवड्याभराचं पिल्लू घेऊन निघून जातो. डोमकावळा आणि भारद्वाज यांनाही या यादीत धरा. भारद्वाजाचं दर्शन आपण शुभ मानतो, पण तो झुडपात दबकत फिरून अंडी आणि अगदी लहान पिल्लं संधी मिळाली तर खातो.

विदर्भात, सह्याद्रीच्या पायथ्याला किंवा रानालगतच्या वस्तीवर मोरघारीचा विचार करावा लागतो. डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी घारीसारखा आकाशात फिरत राहत नाही. परसालगतच्या झाडावर पानांच्या आड गप्प बसून वाट बघतो आणि खाली झेपावतो. तो मोठी कोंबडीही मारू शकतो.

आता घुबडं. घरांच्या आसपास जी घुबडं असतात त्यातली बहुतेक निरुपद्रवी आहेत. संध्याकाळी तारेवर बसून चिरचिर करणारा पिंगळा किडे, पाली, लहान उंदीर खातो. जुन्या वाड्यात, गव्हाणीत राहणारं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड हा उंदरांचा काळ. ते परसात येत असेल तर तुमच्या कोंबडखाद्यावर डल्ला मारणारे उंदीर कमी होत आहेत असं समजा. कोंबडीला खरा धोका शृंगी घुबडाचा. डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे, नारिंगी-पिवळे डोळे, घारीएवढं लांब पण अंगानं थोराड. ते दरडींत, ओढ्याच्या कड्यांत, बंद पडलेल्या दगडखाणींत राहतं. त्याच्या पंखांचा आवाज होत नाही, आणि झाडावर झोपलेली कोंबडी त्याला आयती सापडते.

तरी त्याचंही मुख्य अन्न उंदीर-घुशीच आहे. पश्चिम महाराष्ट्रात या घुबडाच्या गोळ्या तपासून अभ्यास झाला आहे, त्यात हेच दिसलं. घुबड न पचलेली हाडं आणि केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. तुमच्या घराजवळ घुबडाची बसायची जागा ठरलेली असेल तर तिथे खाली अशा राखाडी, बोटभर लांबीच्या गोळ्या सापडतील. हातमोजा घालून एक गोळी पाण्यात भिजवा आणि काडीनं उकला. पिवळसर-नारिंगी दातांचे उंदरांचे जबडे निघाले तर घुबडाला सोडून दुसरा चोर शोधा. पिसं आणि पक्ष्याची हाडं निघाली तर पुढे सांगितलेलं रात्रीचं खुराडं आधी करा.

रात्रीचं खुराडं

एकच गोष्ट करण्याची ऐपत असेल तर ही करा. कोंबडीला अंधारात दिसत नाही. झाडावर, कुंपणावर, बैलगाडीच्या जुवावर बसलेली कोंबडी रात्री स्वतःला वाचवू शकत नाही. झाडावर बसायची सवय लागलेल्या कोंबड्या पहिले आठ-दहा दिवस संध्याकाळी दाणे टाकून आत घ्याव्या लागतात, काही उचलूनही आणाव्या लागतात. पंधरवड्यात त्या आपणहून यायला लागतात.

पंधरा कोंबड्यांना झोपायला चार फूट बाय पाच फूट जागा पुरते. खालचा दीड फूट भाग वीट, फळी किंवा पत्र्यानं बंद करा, वर हवेसाठी जाळी ठेवा, छप्पर कौलाचं, पत्र्याचं, काहीही चालेल. जाळी कुठली घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. बाजारात "कोंबडी जाळी" म्हणून जी पातळ तारेची षटकोनी जाळी मिळते ती कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. इंचभर भोकातून मुंगूस तोंड घालतं आणि घुबड पंजा घालतं. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश (आडव्या-उभ्या तारा वेल्ड केलेली मजबूत चौकोनी जाळी) लावा. ती नुसत्या खिळ्यांवर ठोकू नका. यू आकाराचे खिळे मारून त्यावर लाकडी पट्टी ठोका, म्हणजे ओढली तरी निघत नाही.

बसायचा दांडा जाळीपासून किमान एक फूट आत घ्या. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दांडा जाळीला लागून असेल तर कोंबडी जाळीला अंग टेकवून झोपते, आणि बाहेरच्या शिकाऱ्याला तिचा पाय किंवा डोकं जाळीतून ओढता येतं. सकाळी बंद खुराड्यात डोकं नसलेली कोंबडी सापडते ती याच कारणानं, आणि मग घरात भानामतीच्या गोष्टी सुरू होतात.

दाराला कडी-कोयंडा हवाच, दोरी बांधून भागवू नका. आणि दार बंद करण्याची वेळ म्हणजे सूर्य मावळताच. जेवणं उरकल्यावर नाही. शृंगी घुबड संधिप्रकाशातच बाहेर पडतं. घरात कोणीतरी एकानं हे काम अंगावर घ्यावं. सगळ्यांचं काम असलं की एखाद्या दिवशी ते कोणाचंच होत नाही, आणि शिकाऱ्याला तेवढा दिवस पुरतो.

दिवसाचं आवार

जागा असेल तर खुराड्याला जोडून जाळीचं आवार करा. पंधरा कोंबड्यांना दहा बाय पंधरा फूट ठीक. उंची साडेसहा फूट ठेवा, म्हणजे झाडलोट करताना माणूस सरळ उभा राहतो. बुटकं आवार कोणी झाडत नाही.

बाजूंना खालून तीन फूट मजबूत वेल्डमेश लावा, आणि तिचा वीतभर पट्टा जमिनीवर बाहेरच्या बाजूला वळवून वर दगड ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशी उकरतं, त्याला खाली जाळीच लागते. छताला मात्र जड जाळीची गरज नाही. द्राक्षबागेवर घालतात ती नायलॉनची पक्षीजाळी किंवा कोकणात मच्छीमारांकडे मिळणारं जुनं जाळं उत्तम काम देतं. दोन इंचांपर्यंतचं भोक घार आणि कावळ्याला पुरेसं रोखतं. त्याहून मोठं भोक नको, शिक्रा पंख मिटून आत शिरतो.

जाळी टाकताना ही काळजी घ्या:

१. खांबांवर आधी जाड तार चार-चार फुटांवर ताणून घ्या आणि जाळी तिच्यावर पसरा. नुसती जाळी बांधली तर ती मधे झोळ खाते. झोळात पालापाचोळा साचतो, पावसात वजन वाढतं आणि एका रात्रीत सगळं खाली येतं.

२. मधली तार थोडी उंच घ्या, दोन्ही बाजूंना उतार द्या.

३. काळी किंवा हिरवी जाळी वरून पक्ष्याला दिसत नाही. तो वेगात येऊन अडकतो, मान मोडून घेतो. जाळीवर हात-दोन हातांवर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. अडथळा दिसला की पक्षी वळतो, आणि तुमची जाळीही फाटत नाही.

४. नायलॉन जाळी जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. तिच्यात धामण अडकते आणि सोडवताना हकनाक मरते.

५. उन्हानं नायलॉन ठिसूळ होतं. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास जाळी हातानं ओढून बघा. तटकन तुटली तर बदला.

उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भात जाळीऐवजी पन्नास टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट ताणलं तर दोन्ही कामं होतात. कोंबड्यांना सावली मिळते आणि घारीला वरून त्या दिसतच नाहीत. कोकणात मृगाआधी शेडनेट काढून जाळी लावा. नाहीतर खालची जमीन वाळत नाही आणि पिल्लांना आजार लागतात.

मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांसाठी आडोसा

सगळ्यांनाच आवार बांधता येत नाही, आणि गावठी कोंबडीला चरायला मोकळं रान मिळालं तर ती जास्त निरोगी राहते हेही खरं. मग परसच असं करायचं की कोंबडीला कुठूनही आठ-दहा फुटांच्या आत लपायला जागा मिळावी. आकाशातून धोका दिसला की ती पळून आडोशाला जाते. साफसूफ, सारवलेलं, एकही झुडूप नसलेलं अंगण आपल्याला सुंदर दिसतं, पण घारीच्या नजरेतही ते तितकंच सोयीचं असतं.

अडुळसा, मेंदी, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता अशी खालपर्यंत पानं असलेली झुडपं गटागटानं लावा. तुरीच्या ओळी पाच-सहा महिने छान आडोसा देतात. झाडं वाढेपर्यंत जुनी बाज, चार विटांवर ठेवलेला पत्र्याचा तुकडा, उलटा टाकलेला भाजीचा क्रेट एका बाजूनं उचलून ठेवलेला, इतकंही पुरतं. आडोसा दीड फुटापेक्षा उंच नको आणि त्याला दोन्ही बाजूंनी वाट हवी. एकाच तोंडाच्या बिळात कोंबडी कुत्र्याच्या तावडीत सापडते. खाणं-पाणी अशा छपराखालीच ठेवा, कारण खाताना तिची मान खाली असते.

हरभऱ्याच्या शेतात आपण पक्षीथांबे लावतो, ते कोंबड्यांच्या चरण्याच्या जागी लावू नका. शिक्र्याला ती टेहळणीची जागा मिळते. पण परसालगतच्या झाडावर कोतवालाचं घरटं असेल तर त्याला अजिबात त्रास देऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळ्यापर्यंत तो घरट्याच्या आसपास घार, शिक्रा, कावळा कोणालाही टिकू देत नाही. काळ्या रंगाचा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा हा एवढासा पक्षी घारीच्या पाठीवर चोच मारत तिला लांब हाकलताना एकदा बघा. त्या झाडाखाली चरणारी पिल्लं खूपच सुरक्षित असतात.

कोंबड्यांची जात निवडतानाही हा विचार करा. पांढरीशुभ्र कोंबडी वरून ठळक दिसते. गावठी, असील किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी तयार केलेली रंगीत वनराज मातीत मिसळून जाते. आणि एक जागता कोंबडा ठेवाच. आकाशातल्या धोक्याला त्याची हाक वेगळी असते, जमिनीवरच्या जनावराला वेगळी. वरून घार आली की तो एक डोळा आकाशाकडे लावून लांब, बारीक आवाज काढतो आणि सगळा कळप जागच्या जागी दबतो किंवा आडोशाला पळतो. कुत्र्याला बघून तो वेगानं कट्-कट्-कटाक करतो. ही हाक ओळखायला शिकलात तर स्वयंपाकघरात बसूनही बाहेर काय आलंय ते कळेल.

पिल्लांचा दीड महिना

कोंबडीखालच्या पिल्लांना पहिले तीन आठवडे डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या, उलट्या टोपलीखाली) ठेवा. सकाळ-संध्याकाळ तासभर, कोणी जवळ असेल तेव्हाच, आईबरोबर बाहेर सोडा. डालग्यावर वजनदार दगड हवा. दिवसातून एकदा डालग्याची जागा बदला, म्हणजे पिल्लांना ताजे किडे आणि कोवळं गवत मिळतं. गावठी किंवा असील खुडूक कोंबडी यात मोठी मदत करते. ती पंख फुगवून घारीच्या अंगावर जाते आणि पिल्लांना पंखाखाली घेते.

उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांना आई नसते आणि भीतीची हाकही त्यांनी कधी ऐकलेली नसते. त्यांना सहा आठवड्यांपर्यंत जाळीबाहेर सोडू नका. पहिल्यांदा सोडताना मोठ्या कोंबड्यांबरोबर सोडा. लपायचं कसं हे ती त्यांच्याकडूनच शिकतात.

रवणाला कोंबडी कधी बसवता यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे घारींची घरटी मुख्यतः हिवाळ्यात असतात, शिक्र्याची मार्च ते जूनच्या सुमारास. घरट्यात पिल्लं असली की त्यांच्या शिकारीच्या फेऱ्या वाढतात. या महिन्यांत पिल्लं काढायची तर डालग्याचे तीन आठवडे वाढवून पाच करा.

घार परसाकडे का येते

पुष्कळदा आपणच तिला बोलावतो. घरामागे मासे साफ करून टाकलेली घाण, कोंबडी कापल्यावर उकिरड्यावर फेकलेली आतडी, मेलेलं पिल्लू किंवा उंदीर उघड्यावर. घार आणि कावळा यांचं ते रोजचं खाणं. चार दिवस येऊन फुकट खाल्लं की पाचव्या दिवशी शेजारी फिरणारं पिल्लू तिला दिसतं. ही घाण हातभर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कावळ्यांची वर्दळ कमी होण्याचा आणखी एक फायदा आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले तेही याच रोगानं. परसात कावळा, घार, घुबड मेलेलं सापडलं तर उघड्या हातानं उचलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

घाबरवण्याच्या वस्तू

चमकणारी रिबन, जुन्या सीड्या, बुजगावणं यांचा उपयोग होतो, पण चार-पाच दिवसच. पक्षी फार लवकर ओळखतात. जागा बदलत राहिलात तर पिल्लांचे नाजूक आठवडे निभावून नेता येतात. त्यांच्या भरवशावर जाळीचा खर्च वाचवू नका. प्लॅस्टिकचं घुबड तर घेऊच नका, त्याच्याभोवती कावळेच जमतात. मेलेला कावळा टांगण्याची जुनी रीतही सोडून द्या, रोगाला ते आमंत्रण आहे. चरण्याच्या जागेवर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणणं घारीविरुद्ध बऱ्यापैकी चालतं. त्यासाठी जाड, रंगीत सुतळी वापरा. नायलॉनचा मांजा कधीही नाही. त्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि तो पक्ष्यांचे पंखच कापतो.

हे करू नका

घार, शिक्रा, गरुड, सगळी घुबडं ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना मारणं, पकडणं, अंडी काढणं, घरटं मोडणं हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते विष घारीपर्यंत पोहोचतंच असं नाही. आधी ते शेजारच्या कुत्र्याला, मांजराला, मग त्यांना खाणाऱ्यांना लागतं. आणि एक घुबड मेलं की त्या परिसरातले उंदीर किती वाढतात हे पुढच्या सुगीत धान्याच्या कणगीजवळ कळतं.

पक्षी आवारात किंवा जाळीत अडकला तर आधी कोंबड्या खुराड्यात घ्या, मुलांना लांब करा. आवारात मोकळा असेल तर दार सताड उघडून बाजूला व्हा, तो वाट शोधतो. जाळीत गुंतला असेल तर त्याच्यावर जाड गोणपाट किंवा टॉवेल टाका. अंधार झाला की तो शांत होतो. पंजांपासून हात जपा, चोचीपेक्षा पंजा जास्त खोल लागतो. जाळी कापा, पक्ष्याला ओढू नका. जखमी असेल तर हवेची भोकं असलेल्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर पाणी पाजायचा प्रयत्न करू नका, ते श्वासनलिकेत जातं.

हल्ला होऊन गेल्यावर

पंजातून सुटलेल्या कोंबडीची पाठ आणि पंखाखालची बाजू पिसं वर करून तपासा. वरून साधा ओरखडा दिसतो, आत खोल भोक असतं. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि तिला दोन-चार दिवस वेगळं, अंधाऱ्या जागी ठेवा. नाहीतर बाकीच्या कोंबड्या रक्त बघून टोचतात. पावसाळ्यात जखमेवर माशी बसू देऊ नका, एका दिवसात अळ्या पडतात.

ज्या पक्ष्याला एकदा शिकार मिळाली तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला पुन्हा येतो. म्हणून पुढचा आठवडा कोंबड्या आत ठेवा आणि त्या वेळी स्वतः परसात थांबा. तो कुठल्या फांदीवर बसतो, कुठल्या बाजूनं खाली येतो ते बघून ठेवा. नवा आडोसा किंवा जाळीचा पहिला तुकडा त्याच बाजूला लावायचा.